पूर्वजाचे नाव, त्याचा काळ आणि दप्तरातील कागद

महाराष्ट्रातील अनेक घरांत पूर्वजांची तीन-चार पिढ्यांची नावे तोंडपाठ असतात, कारण श्राद्धाच्या वेळी वडील, आजोबा आणि पणजोबा यांचा नामोच्चार करावा लागतो. त्यापलीकडचे एखादे नाव घरातील वृद्धांच्या आठवणीत, पिढीजात वंशावळी सांगत फिरणाऱ्या भाटाच्या किंवा हेळव्याच्या वहीत, अथवा कुलवृत्तांतात, म्हणजे एका घराण्याच्या सर्व शाखांची माहिती एकत्र करणाऱ्या छापील ग्रंथात सापडते. नावांची ही साखळी जपण्यासारखी आहेच. परंतु त्या माणसांनी गाव कोणत्या वर्षी सोडले, जमीन कशामुळे गेली आणि पाच मुलांपैकी दोनच का उरली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळत नाही. ते मिळवण्यासाठी पूर्वजाच्या हयातीत घडलेल्या घटनांकडे वळावे लागते. सरदार, इनामदार आणि सावकार यांच्या घरी पत्रे व हिशेब साठत गेले; सामान्य शेतकऱ्याविषयी मात्र राज्ययंत्रणेने लेखणी उचलली ती सारा ठरवताना, कर्जाचा दावा चालवताना किंवा साथीत मेलेल्यांची मोजदाद करताना. त्याच्यावर ओढवलेल्या संकटांनीच त्याच्याविषयीचा कागद निर्माण केला आहे, आणि म्हणूनच ज्याला पूर्वज शोधायचा आहे त्याने त्या काळातील घटनांचा क्रम आधी हाती घेतला, तर कोणत्या वर्षाचे कोणते दप्तर मागायचे हे त्याला नेमके कळते.

शोधाची दिशा मात्र आजकडून मागे अशीच असावी लागते, कारण प्रसिद्ध पुरुषापासून खाली येत आपल्या घराला त्याच्याशी जोडण्याचा मोह बहुतेक खोट्या वंशावळींच्या मुळाशी असतो. शेतजमीन असलेल्या घराण्यासाठी पहिली पायरी सातबारा उतारा ही होय. जमिनीवरील हक्क नोंदवणारा गाव नमुना सात आणि पिकांची नोंद ठेवणारा गाव नमुना बारा यांचा हा जोड उतारा असून, त्यावर दिलेले फेरफार क्रमांक शोधकाला मागच्या पिढीकडे नेतात. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ती खरेदीमुळे, वाटणीमुळे किंवा खातेदाराच्या मृत्यूमुळे होते, आणि मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात मृताचे नाव, बहुधा मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे नात्यासह दिलेली असल्याने एकाच कागदावर दोन पिढ्या भेटतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची ही पद्धत १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने तालुकोतालुकी पोचली. त्याच्या मागे जायचे असेल, तर कडईपत्रक, शेतवार पत्रक, आकारबंद अशी जुन्या मोजणीची पत्रके तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत शोधावी लागतात. राज्याच्या महसूल विभागाने जुने सातबारे आणि फेरफार यांपैकी बराच भाग स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवला आहे. तरीही जीर्ण, मोडीत लिहिलेल्या वह्यांसाठी अर्ज करून नक्कल मागण्याला पर्याय नाही.

येथे दोन अडचणी हमखास आडव्या येतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे एकाच घरात तेच नाव एकाआड एक पिढीत फिरत राहते, आणि साठ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन नोंदी एकाच माणसाच्या समजल्या की मधली एक अख्खी पिढी गळून पडते. दुसरी अडचण एकत्र कुटुंबाची आहे. जमीन सर्व भावांची असली तरी खाते थोरल्याच्या नावावर चाले, आणि उताऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा असे. धाकट्या भावाचे वंशज आपल्या पणजोबांचे नाव शोधत राहतात आणि ते न सापडल्यामुळे निराश होतात, वास्तविक त्यांनी चुलत घराण्याचे खाते उघडायला हवे असते. जुन्या कागदांत माणसाची ओळख ‘बिन’ किंवा ‘वलद’, म्हणजे अमक्याचा मुलगा, अशी बापाच्या नावाने दिली जाई, तर आडनाव कित्येकदा लिहिलेच जात नसे. त्यामुळे बापाचे नाव हाताशी असल्याखेरीज जुन्या पत्रकात माणूस ओळखू येत नाही.

शेताच्या कागदांबरोबरच कोतवाल बुक पाहणे आवश्यक असते. गाव नमुना चौदा म्हणून ओळखली जाणारी ही गावातील जन्ममृत्यूंची नोंदवही असून, तिच्यात बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण यांची नोंद आढळते. बाळाचे बारसे होण्यापूर्वीच नोंद झाली असल्यास मुलाचे नाव मात्र कोरे राहते, आणि केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख सापडतो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यानंतर या वह्यांकडे आणि मोडी वाचणाऱ्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. जातीच्या दाखल्यापुरता एक उतारा मिळाला की बहुतेकांचा शोध तेथेच थांबतो ही खेदाची गोष्ट आहे, कारण त्याच वहीच्या मागच्या-पुढच्या पानांवर त्या घराची सारी हकिकत पडून असते.

मोडी ही लेखणी फारशी न उचलता झरझर लिहिण्याची लिपी असून, तिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्दही तोडून लिहिले जात नाहीत. परंतु महसुली कागदांतील मजकूर ठरावीक साच्याचा असल्याने काही महिन्यांच्या सरावाने तो वाचता येतो. कालगणनेकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. महसुली हिशेबांत वापरला जाणारा दख्खनचा फसली सन इसवी सनापेक्षा ५९० वर्षांनी मागे असतो. ‘फसली १२८६’ असा आकडा दिसला आणि तो १८७६–७७ या वर्षाचा आहे हे कळले, तर त्या नोंदीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, कारण ते दख्खनमधील भीषण दुष्काळाचे वर्ष होते.

घटना आणि कागद यांचा हा संबंध उदाहरणाने पाहणे योग्य ठरेल. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे इंदापूर, शिरूर किंवा तत्कालीन भीमथडी तालुक्यात १८६० च्या सुमारास जन्मलेला आणि १९१८ साली वारलेला एखादा कोरडवाहू शेतकरी घेतला, तर त्याच्या जन्माआधीच त्याच्या घराचा पहिला महत्त्वाचा कागद तयार झालेला होता. पेशवाईनंतर कंपनी सरकारने आपले अधिकारी प्रिंगल यांच्याकडून करवून घेतलेली पाहणी फसली आणि १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातून नवी मोजणी सुरू केली. शेताला सर्व्हे नंबर, जमिनीच्या प्रतीनुसार आकार आणि तो तीस वर्षांसाठी कायम, ही आजही ओळखीची वाटणारी व्यवस्था तेथून पुढे इलाखाभर पसरली. त्या मोजणीच्या पत्रकात आलेले खातेदाराचे नाव बहुधा आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याच्या आजोबांचे असते, आणि पुष्कळ घराण्यांच्या बाबतीत हाच सर्वांत जुना भरवशाचा पुरावा ठरतो.

त्याचे बालपण तेजीच्या वर्षांत गेले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, दख्खनमधील कापसाचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली आणि सावकार शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये ते युद्ध संपताच भाव कोसळले. त्यानंतर दोनच वर्षांनी इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली, आणि चढ्या भावांच्या काळाकडे पाहून वाढवलेला सारा मंदीत भरण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची वैधता तीन वर्षांवर आणली होती. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा असला, तरी प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. एखाद्या घराच्या जुन्या पेटीत एकाच सावकाराच्या नावाचे, वाढत जाणाऱ्या रकमांचे रोखे ओळीने सापडले, तर पूर्वज उधळ्या होता असा निष्कर्ष काढण्याआधी हा कायदा लक्षात घेतला पाहिजे. घराण्यांच्या आठवणीत अशा माणसांवर बसलेला बोल कित्येकदा अन्यायाचा असतो.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तसेच प्रकार घडले. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता. रोखे आणि हिशेबाच्या वह्या मिळवून त्या जाळणे हा त्यांचा उद्देश होता, आणि रोखे मुकाट्याने स्वाधीन करणाऱ्या सावकाराला फारसा उपद्रव होत नसे. त्या भागातील घराण्यांची १८७५ पूर्वीची कर्जाची कागदपत्रे क्वचितच मिळतात याचे एक कारण येथे सापडते. कागदाची जी उणीव या दंग्यांनी निर्माण केली ती त्यांच्याच परिणामांनी काही अंशी भरून काढली. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याच्या अहवालात गावोगावच्या कर्जबाजारीपणाचे तपशील आले, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. या कायद्याने शेतकऱ्याचे दस्त ग्राम निबंधकासमोर लिहिले जाणे बंधनकारक केले आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, त्यामुळे १८७९ नंतरच्या गहाणखतांच्या व दाव्यांच्या कागदांत शेतकऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जमिनीचे वर्णन अधिक नेमकेपणाने येऊ लागले.

दंगा आणि कायदा यांच्या मध्ये आला तो शके १७९८, धाता नाम संवत्सरातील दुष्काळ. १८७६ चा पावसाळा फसला आणि पुढची दोन वर्षे दख्खनचा पूर्वेकडील कोरडा पट्टा अन्नावाचून तडफडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. धोंड (आजचे दौंड)-मनमाड हा लोहमार्ग त्यांपैकीच एक. भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुराची धान्यमजुरी दिवसाला एक पौंडाच्या मापावर आणली, तेव्हा पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून या कपातीचा निषेध केला. सभेच्या त्रैमासिकातील आणि सरकारी अहवालांतील ही माहिती तालुक्यावार असल्यामुळे, पूर्वजाचे नाव तेथे नसले तरी त्याच्या गावाच्या आसपास धान्याचा भाव काय होता, गुरे किती मेली आणि लोक कोणत्या दिशेने निघून गेले, हे कळते. १८७२ आणि १८८१ च्या जनगणनांमधल्या काळात पुणे आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वंशावळीत १८७०–८० या दशकात जन्मलेल्या भावंडांची जागा रिकामी दिसते, तेव्हा त्या रिकाम्या जागेचा अर्थ या घटीत सापडतो. इंग्लंडमध्ये जपले गेले तसे भारतातील जनगणनेचे घरोघरचे तक्ते जपून ठेवले गेलेले नाहीत, छापले गेले ते केवळ बेरजांचे आकडे, आणि वंशशोधाच्या दृष्टीने ही फार मोठी हानी आहे. तिची थोडीफार भरपाई जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने होते. १८८५ च्या पुणे खंडात पिके, भाव, जातीजमातींच्या चालीरीती आणि मोठ्या गावांची वर्णने इतकी तपशीलवार आहेत की दुष्काळातून वाचलेल्या घराचे नित्याचे जगणे डोळ्यांसमोर उभे करता येते.

दुष्काळात जे गाव सोडून गेले त्यातील अनेक मुंबईच्या गिरण्यांत पोचले आणि तेथून पुढचा माग लागणे कठीण होते, कारण गिरण्यांची हजेरी-पुस्तके फारशी उरलेली नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा गिरणगावातून माणसे मोठ्या संख्येने गावाकडे परतली आणि साथ खेड्यांत शिरली. गावेच्या गावे ओस टाकून लोक माळावर झोपड्या बांधून राहिले. कोतवाल बुकात एकाच घरातील तीन-चार मृत्यू पाठोपाठच्या दिवसांत नोंदलेले दिसले आणि कारणाच्या रकान्यात ‘प्लेग’ किंवा ‘ग्रंथिक सन्निपात’ असा शब्द असला, तर त्या घराची शाखा एकाएकी का खुंटली याचा उलगडा होतो. अशा पानाशी पोचलेल्या वंशजाला जे दुःख होते ते शंभर वर्षांनंतरचे असले तरी खरे असते, आणि या कामात त्याला जागा असलीच पाहिजे.

पहिल्या महायुद्धाने आणखी एक दप्तर खुले केले. मेसोपोटेमियातील कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर कैदेत गेल्या. मृत सैनिकांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे जतन केलेल्या असून, पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आढळतो. पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील अनेक गावांत, या गावातून अमुक माणसे महायुद्धाला गेली आणि त्यांपैकी अमुक मरण पावली, असे आकडे कोरलेल्या संगमरवरी पाट्या अजूनही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर आहेत; नावे नसलेल्या त्या आकड्यांना नावे मिळवून देणे हे स्थानिक शोधकांच्या आवाक्यातील काम आहे.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यासाठी मार्ग वेगळा असतो. बलुतेदार आणि महार कुटुंबांची नावे वतनाच्या कागदांत येतात, कारण गावाच्या चाकरीबद्दल मिळणाऱ्या वतनाचे हक्कदार कोण, हे १८७४ च्या वतन कायद्याखालील नोंदींत लिहिले गेले. १८५२ साली इनामांचे हक्क तपासण्याचा कायदेशीर अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढे आलेल्या कैफियतींत, म्हणजे हक्काची पूर्वपीठिका सांगणाऱ्या निवेदनांत, वंशावळी जोडलेल्या असत, आणि हे साहित्य पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तरासोबत रुमालांत बांधून ठेवलेले आहे. मराठवाड्यातील घराण्यांना निजामकालीन उर्दू-फारसी कागदांकडे, पूर्व विदर्भातील घराण्यांना मालगुजारीच्या बंदोबस्त मिसलींकडे, तर मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या स्थलांतर-नोंदींकडे वळावे लागते. या शेवटच्या नोंदींत प्रत्येक मजुराला क्रमांक असल्यामुळे त्याच्या मूळ मुलखाचा माग कधीकधी महाराष्ट्रात राहिलेल्या भाऊबंदांपेक्षाही सोपा जातो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर आणि काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या सर्व प्रदेशांना उपयोगी पडतात, कारण तेथे यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नाती उतरलेली असतात.

घटना आणि पूर्वज यांची सांगड घालताना एक संयम पाळावा लागतो. आपला पूर्वज पानिपतावर पडला अशी समजूत असंख्य घरांत आहे. १७६१ सालच्या त्या लढाईत मेलेल्यांची संख्या प्रचंड असल्याने ती खरी असूही शकते, पण त्या पिढीच्या माणसाचे नाव १७६१ नंतरच्या निवाड्यात किंवा हिशेबात आढळले, तर दंतकथा बाजूला ठेवण्याची तयारी हवी. दुष्काळ जिल्ह्यात होता म्हणून प्रत्येक घर उपाशी होते असे नाही. त्याच वर्षी जमीन खरेदी करणारेही होते, आणि त्यांचे खरेदीखत उघड झाले तर तेही वंशजांनी तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवले पाहिजे.

या सर्व कागदांत सर्वांत कमी दिसते ती स्त्री. वंशावळीत तिला जागा नसते, लग्नानंतर तिचे माहेरचे नाव बदललेले असते, आणि दस्तात ती ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दांनी, म्हणजे अमक्याची पत्नी म्हणून, क्वचित अवतरते. १९३७ च्या कायद्यापूर्वी मुलगे असताना हिंदू विधवेला एकत्र कुटुंबाच्या जमिनीत वाटा नव्हता, त्यामुळे तिचे नाव खात्याला लागत नसे. उदाहरणातील शेतकरी १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्ल्युएंझाच्या म्हणजे लोकांनी ‘मानमोडी’ म्हटलेल्या साथीत वारला, असे मानू. त्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि त्याच वर्षी पाऊसही फसल्याने १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली. कोतवाल बुकात त्याच्या मृत्यूचे कारण बहुधा नुसते ‘ताप’ असे असेल. पण त्यानंतरच्या वारस फेरफारात मुलगे अज्ञान असतील, तर त्यांच्या नावांपुढे ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून त्यांच्या आईचे नाव लिहिले जाते, आणि कित्येक घराण्यांच्या दप्तरात पणजीचे नाव पहिल्यांदा आणि शेवटचे येते ते याच ओळीत. तिचे माहेर कोणते, हे त्या ओळीत नसते; ते विचारण्याजोगी वृद्ध माणसे काही घरांत अजून हयात आहेत, आणि दप्तरापूर्वी त्यांच्याकडे जायला हवे.